शाळेतली लस आणि परत न आलेली बेचाळीस संमतीपत्रं

सिंहगडरोडवाली | ८ जुलै २०२४, रात्री १०:०५

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर मीठ कमी-जास्त सांगायला येते, पण आज काम वेगळं आहे.

लेक सहावीत आहे. आमच्याच भागातली सेमी-इंग्रजी शाळा. यंदा मी पालक-शिक्षक संघात आहे (कोणीच हात वर केला नाही तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघितलं, एवढीच माझी पात्रता). एका ट्रस्टकडून सहावी-सातवीच्या मुलींना एचपीव्हीची लस मोफत मिळणार आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. आपल्या हडपसरच्या सीरमची सर्व्हाव्हॅक. बाहेर एका डोसला दोन हजार रुपये पडतात. मला वाटलं होतं की आया रांग लावतील.

मुली ६२. संमतीपत्रं देऊन तीन आठवडे झाले. ११ सह्या होऊन आली. ९ जणांनी 'नको' लिहून पाठवलं. उरलेली ४२ कुठे आहेत ते देवालाच ठाऊक. मध्ये पालकसभा घेतली, एक डॉक्टर बोलावले, पडद्यावर चित्रं दाखवली. १७ पालक आले, त्यातले निम्मे व्हॅनच्या फीवरून भांडायला.

मुख्याध्यापक म्हणतात, "सक्ती करून टाकू, सही आणल्याशिवाय वर्गात बसू द्यायचं नाही." मला ते पटत नाही. पण मग काय करायचं तेही सुचत नाही. तुमच्या शाळेत, सोसायटीत, वस्तीत असं काही झालं असेल तर सांगा. उपदेश नको, तो माझ्या सासरी भरपूर आहे.

खवचट_पुणेकर | रात्री १०:२१

पालकसभा दुपारी १ ते ४ मध्ये ठेवली होती का? (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या)

पर्वतीपायथा | रात्री १०:४०

सक्तीला माझा पूर्ण विरोध. पुणेकरांच्या घरात न विचारता शिरलं की काय होतं ते १८९७ साली प्लेगच्या वेळी रँडसाहेबाने बघितलंय. मुख्याध्यापकांना सांगा, जपून.

बालरोग_डॉ | रात्री ११:१५

धागालेखिका, तुम्ही ९ आणि ४२ वेगळे मोजलेत ते बरं केलंत. आमच्या बैठकांमध्ये सगळ्यांना एकाच पोत्यात घालून 'लसविरोधी पालक' म्हणतात. खरा विरोध करणारे मूठभर असतात. बाकीच्यांचं 'बघू' असतं. माझ्या दवाखान्यात लस नको म्हणणाऱ्यांपेक्षा "पुढच्या वेळी आलो की बघू डॉक्टर" म्हणणारे कितीतरी जास्त, आणि ही पुढची वेळ मुलगी बारावीला गेली की येते.

थोडी माहिती देतो, पालकांशी बोलताना उपयोगी पडेल. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि अगदी सर्रास आढळतो, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी लागण होते आणि आपोआप जाते. काही जणींच्या शरीरात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होतो. या कॅन्सरचा आणि विषाणूचा संबंध शोधल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार बरेच आहेत, पण सुमारे ७० टक्के केसेसच्या मागे १६ आणि १८ हे दोनच. सर्व्हाव्हॅकमध्ये ते दोन्ही आहेत, शिवाय ६ आणि ११. भारतात २०२२ मध्ये या कॅन्सरचे अंदाजे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू. म्हणजे साधारण सात मिनिटांना एक बाई.

वय ९ ते १४ का? लागण व्हायच्या आधी दिली तर लस खरी कामाची, आणि या वयात शरीर प्रतिसादही जास्त जोरदार देतं. बालरोगतज्ज्ञांची संघटना या वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस सांगते, पंधराव्या वर्षापासून तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरपासून एक डोसही चालेल म्हटलंय.

आता एक अवांतर प्रश्न, सगळ्यांनाच. सरकारी वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी असतं, धनुर्वात आणि घटसर्पाचं. तुमच्या मुलांचं झालंय का? खरं सांगा.

खवचट_पुणेकर | रात्री ११:२२

डॉक्टर, ही फसवणूक आहे. आम्ही दुसऱ्याच्या मुलीच्या लशीवर चर्चा करायला आलो होतो.

लिंबूटिंबू_आई | रात्री ११:३०

आत्ता कपाटातून फाइल काढली. पाच वर्षांपर्यंतचे शिक्के अगदी ओळीने. नंतर कोरं पान. मुलगा तेरा वर्षांचा आहे. डॉक्टर, उद्या जाते.

शंकासुर | ९ जुलै, सकाळी ७:५०

सगळे एका सुरात गायला लागले की मला शंका येते. फुकट का देतायत? तेव्हाच्या आंध्रात खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला एचपीव्हीचीच लस मुलींना दिली होती, त्यात सात मुली गेल्या. वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या, आईबापांना पत्ताच नाही. ते कोणी सांगणार नाही. मी माझ्या मुलीला देणार नाही, आणि त्यासाठी मला अडाणी म्हणू नका, माझी एमएस्सी झालेली आहे.

फुलगाव_फाटा | सकाळी ८:०५

एमएस्सी कशात?

शंकासुर | सकाळी ८:०७

भूगर्भशास्त्र. त्याचा इथे काय संबंध?

जुनी_कात्रणं | सकाळी ९:३०

शंकासुर, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे म्हणून नीट लिहिते.

तो प्रकल्प २००९-१० चा. सात मुली गेल्या हे खरं. चौकशीत निघालं की एक पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एक मलेरियाने गेली. लशीशी संबंध सापडला नाही. पण सह्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे लस ठीक होती, विचारण्याची पद्धत वाईट होती. त्याची किंमत आपण पुढे दहा वर्षं मोजली. लशीचं नाव काढलं की लोक खम्मम म्हणतात, जसं तुम्ही आज म्हणालात. सिंहगडरोडवाली, तुमच्या मुख्याध्यापकांना हे जरूर वाचायला द्या.

याचीच एक गंमत आहे, आणि ती पुण्याशी जोडलेली आहे. त्याच सुमारास देशात एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा. त्यात पुणं होतं, बार्शी होती, मुंबई होती, थेट मिझोराममधलं ऐझॉलही होतं. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने सगळंच थांबवलं तेव्हा तोही थांबला, आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एक डोससुद्धा जवळजवळ तेवढंच संरक्षण देतो. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज जग एका डोसबद्दल बोलतंय त्यात आपल्याकडच्या त्या अर्धवट राहिलेल्या मुलींचा मोठा वाटा आहे.

शंकासुर | सकाळी १०:१२

हे मला माहीत नव्हतं. कात्रण असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मत बदललं असं समजू नये.

बार्शीची_लेक | दुपारी १:४०

बार्शीचं नाव निघालं म्हणून लिहितेय, नाहीतर मी नुसती वाचक.

आमच्याकडे कॅन्सरची नोंदवही १९८७ पासून आहे, खेड्यातली देशातली पहिली. आमच्या भागात बायका 'गाठीचा आजार' म्हणायच्या, पण गाठ कुठे ते कोणी बोलत नसे. माझी मावशी तशीच गेली. मी नववीत होते. गोठ्यामागे तारेवर जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत घातलेल्या असायच्या, वर एक गोणपाट टाकलेलं, कोणाला दिसू नये म्हणून. पाळी बंद होऊन चार वर्षं झालेल्या बाईच्या घड्या. आजीला दिसत होत्या, आईला दिसत होत्या. विचारलं कोणीच नाही. वर्षभराने पाय सुजले तेव्हा दवाखान्यात नेलं.

लेकीला मी गेल्या वर्षी लस दिली. आकडे बघून नाही, त्या तारेकडे बघून दिली.

आणि आयांनो, लस मुलीला दिली म्हणजे आपण सुटलो असं नाही. तिशीनंतर आपली तपासणी आपण करून घ्यायची. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता. एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. २००९ मध्ये छापून आलंय ते.

सिंहगडरोडवाली | दुपारी २:०५

बार्शीची_लेक, काय लिहू... दोनदा वाचलं.

नको_म्हणालेली | दुपारी ३:३०

नवीन आयडी काढून लिहितेय, कारण माझ्या नेहमीच्या आयडीला नणंद ओळखते.

आमच्या शाळेतही असाच फॉर्म आला होता आणि मी 'नको' लिहिलं. कारण ऐका. फॉर्म इंग्रजीत, दोन पानं, झेरॉक्सची झेरॉक्स. लेकीने डायनिंग टेबलवर मोठ्याने वाचायला घेतला आणि थेट विचारलं, "आई, सेक्शुअली ट्रान्समिटेड म्हणजे?" समोर सासूबाई भाजी निवडत होत्या. हातातली गवार तशीच राहिली. म्हणाल्या, "अकरा वर्षांच्या पोरीला कसली लस देताय? आत्तापासूनच परवानगी देताय का?" मी काही न बोलता 'नको' लिहून दप्तरात ठेवलं. मला लशीची भीती नव्हती. त्या टेबलाची होती.

बालरोग_डॉ | दुपारी ४:१०

तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. बऱ्याच घरातल्या 'नको'मागे हेच असतं, पण दवाखान्यात कोणी बोलत नाही.

सासूबाईंना एवढंच विचारा, सून म्हणून या घरात आलात तेव्हा तुमच्या हातात काय होतं? लग्न झालेल्या, एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो. बहुतेक तशाच बायकांना होतो. चारित्र्याचा यात काही संबंध नाही. आणि लस घेतलेल्या मुली लवकर 'वाया' जातात असं इतक्या देशांतल्या इतक्या अभ्यासांत कुठेही दिसलेलं नाही. मुलीला मी "कॅन्सर होऊ नये म्हणून आहे, आता घेतली तर सर्वात चांगली" एवढंच सांगतो. बाकीचं तिने विचारलं की तिच्या वयाला झेपेल तेवढं.

खवचट_पुणेकर | दुपारी ४:१८

धागालेखिकेच्या भाषेत: मुरांबा बिघडल्यावर साखर घालून उपयोग नाही.

दोन_मुलग्यांचा_बाप | सायंकाळी ६:००

मुलग्यांना देता येते का? की आमची पोरं फक्त वाहक?

बालरोग_डॉ | सायंकाळी ६:१०

येते. सर्व्हाव्हॅकला मुलगे-मुली दोघांसाठी परवानगी आहे. त्यांनाही घशाचे वगैरे काही कॅन्सर याने होतात. मोफत डोस मोजके असतील तर आधी मुली, एवढंच. तुम्हाला परवडत असेल तर जरूर द्या.

महापालिकेच्या_बाई | रात्री ८:४५

मी निवृत्त, ३१ वर्षं मनपा शाळेत शिकवलं. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली तेव्हा आमच्या शाळेत काय काय झालं त्याचं पुस्तक होईल. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं. आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फिरलं की ही लस मूल न होण्याची आहे. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गैरहजर.

आम्ही भाषणं नाही दिली. पहिली टोचली ती शिपाई मावशींच्या नातवाला, सगळ्यांसमोर, शाळेच्या दारात. मावशींना वस्तीत सगळे ओळखतात, त्या खोटं बोलल्या तर नळावर त्यांची खैर नाही हेही सगळ्यांना माहीत. दुसरं म्हणजे मी आणि सिस्टर मशिदीतल्या मौलानांकडे आणि गणपती मंडळाच्या पोरांकडे, दोन्हीकडे जाऊन आलो. मंडळाच्या पोरांनी तर खुर्च्या लावून दिल्या. जुम्म्याच्या नमाजानंतर मौलानांनी दोन वाक्यं बोलली, माझ्या दोन तासांपेक्षा भारी.

आता सिंहगडरोडवालीसाठी कामाची गोष्ट. या वयाच्या मुली सुई बघून चक्कर येऊन पडतात. लशीने नाही, भीतीने, आणि उपाशी असल्यामुळे. एक पडली की पाठोपाठ चार पडतात आणि दुपारपर्यंत वस्तीत बातमी जाते की पोरी मेल्या. म्हणून रांग वर्गाबाहेर लावायची, टोचण्याची जागा रांगेतल्यांना दिसता कामा नये. पोटात काहीतरी हवंच, राजगिऱ्याचा लाडू तरी. टोचून झालं की पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, डोकं गरगरलं तर आडवं करायचं. कॅमेरेवाल्या पालकांना आत सोडायचं नाही.

फुलगाव_फाटा | रात्री ९:००

बाई, दंडवत. आमच्या लहानपणी शाळेत सुईवाले आले की मी मागच्या भिंतीवरून उडी मारली होती. गुडघा फुटला. मग गुडघ्यासाठी टीटी टोचलं.

सदाशिवातले_आजोबा | रात्री ९:२०

माझ्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत, रुपयाएवढे. नातीला दाखवले तर म्हणाली, "आजोबा, टॅटू?" आम्हाला कोणी संमतीपत्र विचारलं नव्हतं. नगरपालिकेचा माणूस आला, दंड धरला, टोचलं. देवी गेली त्यामुळे. तरी पण आता तसं करू नये, हे मलाही कळतं.

तोक्योकर | १० जुलै, पहाटे ५:१०

इथली गोष्ट सांगतो. जपानमध्ये २०१३ ला मुलींना दुष्परिणाम झाल्याच्या चित्रफिती टीव्हीवर फिरल्या. सरकारने जूनमध्ये लशीची शिफारस करणंच थांबवलं. बंदी नव्हती, फक्त घरी पत्र येणं बंद झालं. ७० टक्क्यांच्या आसपास मुली घेत होत्या, ते प्रमाण एक टक्क्याखाली गेलं. पुढे अभ्यास झाले, लशीशी संबंध दिसला नाही, पण पत्रं पुन्हा यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. मधल्या नऊ वर्षांतल्या मुली राहूनच गेल्या. माझी भाची त्यातली. आता तिला मोफत देतायत, पण ती २४ वर्षांची आहे.

जुनी_कात्रणं | सकाळी ९:००

उलट बाजूचं उदाहरण आपल्या देशातच आहे. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून दिली, ९ ते १४ च्या मुलींना. ९५ टक्क्यांच्या वर मुलींनी घेतली. पत्र आईबापांना आधी, शिक्षकांशी बोलणं आधी, लस नंतर. आणि यंदाच्या फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्पात निर्मलाबाईंनीही याच वयोगटाचा उल्लेख केलाय, बघू.

वस्तीवरून | सकाळी ११:३०

मी जनता वसाहतीत बचत गटांबरोबर काम करते. ४२ फॉर्म कुठे असतात ते मला विचारा. दप्तराच्या तळाशी, डब्याच्या तेलाने पारदर्शक झालेले.

बाई सकाळी सहाला कामाला बाहेर पडते, चार घरची भांडी करून दुपारी येते, संध्याकाळी परत दोन घरं. फॉर्म वाचायला लागतो नवरा, नाहीतर मोठी मुलगी. सही कोणाची चालते हेच माहीत नसतं. बायका मला विचारतात, "माझी सही चालल का, का ह्यांचीच पायजे?" आईची चालते. हे फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा.

तुमच्या डॉक्टरांनी विषाणू समजावला असेल. इथे बायकांशी बोलताना प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच आला: "पाळी थांबणार नाही ना? पुढं मूल होईल ना?" ते आधी सांगा. पाळीवर काही होत नाही, मूल होण्याशी काही संबंध नाही, दंड दुखतो, एखाद्या दिवसाची कणकण येते. विषाणू नंतर.

आणि संध्याकाळी सातनंतर जा. खवचट म्हणतात ते थट्टेत असलं तरी बरोबर आहे, चुकीच्या वेळी बोलावून लोक आले नाहीत म्हणू नये.

खवचट_पुणेकर | सकाळी ११:४१

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बरोबर म्हणालं. वाचनखूण साठवली.

सिंहगडरोडवाली | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. हिशोब देणं लागते.

मुख्याध्यापकांना खम्ममचा प्रतिसाद छापून दिला. सक्ती बारगळली. फॉर्म नवीन केला, एक पान, मराठीत. वरच ठळक: आई किंवा वडील, कोणाचीही सही चालेल. दुसरी ओळ पाळीची आणि मूल होण्याची. 'नको'चा चौकोन तसाच ठेवला, कारण न विचारता. लैंगिक संबंधाचं वाक्य काढलं नाही, ते काढणं म्हणजे पुन्हा लपवणंच. पण फॉर्म मुलींच्या हाती न देता बाईंनी पालकांच्या हाती दिला. संध्याकाळी साडेसातला शाळेत तीन दिवस बसलो, मी, वर्गशिक्षिका आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. मावशींची धाकटी आमच्याच शाळेत सातवीत आहे. खरं काम त्यांनी केलं. मी तिथे पाण्याच्या बाटल्या भरत होते.

४२ पैकी १४ जणींच्या घरी फॉर्म पोचलेच नव्हते. वस्तीवरून, तेलाचं तुम्ही सांगितलंत ते तंतोतंत, पाच तसेच निघाले. सहा घरांत वडील बाहेरगावी, आई सहीला थांबलेली. दोघींनी स्वतःच्या डॉक्टरांकडे घ्यायचं ठरवलं. आठ जणी अजून विचार करतायत. बाकीच्या नुसत्या दुसऱ्या कोणीतरी आधी घ्यावी म्हणून थांबल्या होत्या.

शिबिर २६ जुलैला होतं. २५ ला आमच्या सिंहगड रोडच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं ते तुम्ही बघितलंच. शाळेत दोन दिवस लोक राहायला. शिबिर आज झालं. ४७ मुलींनी घेतली. पहिल्या नऊ 'नको'पैकी चार यात आल्या, कोणी काही विचारलं नाही. राजगिऱ्याचे लाडू दिले, रांग बाहेर लावली, तरी एक पडली. माझीच.

डॉक्टर, तिचं दहाव्या वर्षीचं टीडीही राहिलं होतं. सिस्टरनी आज दुसऱ्या दंडावर तेही उरकलं. दोन्ही हात वर होत नाहीत म्हणून मी तिला भरवतेय.

नको_म्हणालेली | रात्री १०:१५

आमच्या शाळेतलं शिबिर हुकलं. मागच्या शनिवारी दवाखान्यात जाऊन दिली. सासूबाई बरोबर आल्या होत्या. रिक्षात म्हणाल्या, "माझ्या बहिणीलाही तसलंच होतं." तीस वर्षांत पहिल्यांदा.

शंकासुर | रात्री १०:३२

जुनी_कात्रणं, कात्रण मिळालं. वाचतोय. मुलीची आई मात्र वाचायला थांबलेली नाही, असं आज जेवताना कळलं.

खवचट_पुणेकर | रात्री १०:४०

अभिनंदन. आणि व्हॅनच्या फीचं काय झालं?

सिंहगडरोडवाली | रात्री १०:४४

वाढली.